आदेश

'आदेश' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक कागद येतो. जावक क्रमांक, गोल शिक्का, खाली साहेबांची सही. व्याकरणात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. एका वर्णाच्या जागी दुसरा येऊन बसला की त्या येणाऱ्याला आदेश म्हणतात, आणि ज्याची जागा गेली तो स्थानी. 'इति' आणि 'आदि' यांची गाठ पडली की इ उठतो, य् बसतो, आणि 'इत्यादी' तयार होतं. तो य् म्हणजे इ चा आदेश. यात हुकूम कुणी कुणाला दिलेला नसतो, फक्त जागेची अदलाबदल असते.

आज लिहायचंय ते संगणकाबद्दल. व्याकरणापासून सुरुवात केली कारण संगणकाच्या इतिहासात एक जागा अशी आहे की तिथे आदेशाचे हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. अदलाबदल म्हणून जे सुरू होतं ते हुकूम होऊन बाहेर पडतं. आणि हे होतं कधी? तर माणूस मदत मागायला जातो तेव्हा!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं आधीपासून सांगतो. माऊस बाजूला ठेवून, काळ्या पडद्यावर अक्षरं टंकून संगणकाला काम सांगण्याची रीत अजून जिवंत आहे. आमच्या घरातली जी मुलं संगणकावर पोट भरतात ती दिवसभर हेच करतात. या कमांडा इंग्रजी अक्षरांत टंकाव्या लागतात. मी इथे देवनागरीत लिहिणार आहे, तेव्हा 'एफ' किंवा 'ए' दिसलं की ते इंग्रजीतलं एकेकच अक्षर समजावं.

समजा एका फोल्डरमध्ये तालुकावार आठ फाईली आहेत : पालघर, वसई, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, जव्हार आणि मोखाडा. आठही एकदम उघडायच्या तर आठ नावं टंकायची गरज नाही. एक चांदणी (*) टंकली की 'सगळ्या' असा अर्थ होतो. प्रश्नचिन्ह (?) म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. या खुणांना वाइल्डकार्ड म्हणतात. रमीतला जोकर जसा हव्या त्या पानाच्या जागी चालतो, तसंच.

आता मुद्दा असा की या जोकरच्या जागी खरं पान कोण ठेवतं? युनिक्स आणि तिच्या वंशातल्या लिनक्समध्ये हे काम मूळ कमांड करत नाही. टंकणारा माणूस आणि कमांड यांच्यामध्ये एक कारकून बसलेला असतो, त्याचं नाव शेल. आपण लिहिलेली ओळ आधी शेल वाचतो, चांदणी खोडून तिथे आठ नावं लिहितो, आणि मग ती ओळ कमांडच्या हाती देतो. कमांडला फक्त आठ नावं दिसतात. साहेबांनी 'सर्व' म्हटलं होतं की एकेक नाव उच्चारलं होतं, हे तिला कधीच कळत नाही.

आमच्या जव्हार-मोखाड्याला याचा अर्थ सांगायला फार लांब जावं लागत नाही. 'ठाणे जिल्ह्यातील सर्व तालुके' हे शब्द ३१ जुलै २०१४ ला पंधरा तालुक्यांचे होते आणि त्यात आम्ही होतो. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, आणि तेच शब्द सात तालुक्यांचे झाले. शब्दांतला एक कानामात्रा बदलला नव्हता. 'सर्व'चा अर्थ आदेश लिहिणाऱ्याच्या मनात नसतो, ज्या दिवशी यादी काढली त्या दिवशीच्या दप्तरात असतो. चांदणीचंही तसंच आहे. फोल्डरमध्ये त्या क्षणी जे पडलंय तोच तिचा अर्थ.

हा कारकून आला कुठून? १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जनं मल्टिक्स नावाच्या एका अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तिथे काम केलेले केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग आपली आटोपशीर प्रणाली उभी केली, ती युनिक्स. मल्टिक्समध्येही चांदणी होतीच, पण तिथे प्रत्येक कमांड आपापली चांदणी आपणच सोडवायची. युनिक्सवाल्यांनी हे काम एका जागी आणलं. त्यामागे काटकसर होती. त्यांच्या पीडीपी-११ यंत्राची सगळी स्मृती होती २४ किलोबाइट, त्यातली १६ प्रणालीनंच व्यापलेली, आणि कमांडांना उरलेली ८. (हा लेख देवनागरीत साठवला तर त्या अख्ख्या यंत्रात मावला नसता!) इतक्या जागेत प्रत्येक कमांडच्या पोटात चांदणी सोडवण्याचं तेच ते गणित पुन्हा पुन्हा कोंबणं परवडणारं नव्हतं. म्हणून 'ग्लोब' नावाचा एक वेगळा छोटा प्रोग्राम ठेवला. 'ग्लोबल'चं ते लघुरूप. ओळीत चांदणी, प्रश्नचिन्ह किंवा चौकटी कंस दिसला की शेल ती ओळ ग्लोबकडे सरकवायचा, ग्लोब नावं भरायचा आणि कमांड चालू करून द्यायचा. हा ग्लोब बी नावाच्या भाषेत लिहिला होता, म्हणजे ज्या भाषेतून पुढे जगप्रसिद्ध सी भाषा निघाली तिच्यात. युनिक्सच्या मुख्य भागातला वरच्या पातळीच्या भाषेत लिहिलेला तो पहिला प्रोग्राम. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासून १९७५ च्या सहाव्या आवृत्तीपर्यंत ही व्यवस्था टिकली.

या ग्लोबचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खुणेशी जुळणारं एकही नाव सापडलं नाही, तर तो 'काही जुळत नाही' असं सांगायचा आणि कमांड चालवायचाच नाही. मला हे चोख वाटतं. यादी रिकामी तर काम बंद.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली. तिच्यात स्टीव्ह बोर्न यांचा नवा शेल होता आणि त्यानं ग्लोबचं काम स्वतःकडे घेतलं. घेताना एक नियम बदलला. काही जुळलं नाही तर तक्रार करायची नाही, ती खूण जशीच्या तशी कमांडकडे पाठवून द्यायची. साधारण त्याच काळात बर्कलीत बिल जॉय यांनी केलेल्या सी शेलनं मात्र जुनाच बाणा ठेवला. आज लिनक्सवर सर्रास दिसणारा बॅश हा बोर्नच्या वळणाचा आहे. ॲपलनं २०१९ पासून आपल्या संगणकांवर जो झेडशेल ठेवलाय तो या बाबतीत जुन्या ग्लोबच्या वळणाचा.

बदल एवढासा, पण मदत मागण्याची एक सवय त्याच्यावरच उभी राहिली.

कमांडला कामाची तऱ्हा सांगायची तर डॅश आणि एक अक्षर लिहितात, त्याला ऑप्शन म्हणतात. कुठले ऑप्शन चालतात हे आठवत नसेल तर कमांडलाच विचारायचं, आणि विचारायला प्रश्नचिन्हाइतकी सोयीची खूण दुसरी कुठली? म्हणून '-?' रूढ झालं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे नावाजलेले डेटाबेस, जावा, या सगळ्यांना '-?' म्हणजे 'मदत' हे कळतं. इतर कितीतरी कमांडांना ते शिकवलेलं नसतं, तरी मदत मिळते. ऑप्शन वाचणारं 'गेटऑप्ट' नावाचं एक जुनं सामाईक साधन आहे. अनोळखी ऑप्शन आला की ते कमांडला एक प्रश्नचिन्ह परत देतं, आणि कमांड मग 'बाबा, मला असं असं वापरतात' म्हणून चार ओळी छापते. युनिक्सच्या प्रमाणग्रंथाप्रमाणे ऑप्शन म्हणजे एक अक्षर किंवा अंक, तेव्हा प्रश्नचिन्ह हे त्यात बसतच नाही. थोडक्यात, पुष्कळ ठिकाणी '-?' ला मिळणारी मदत ही चुकीचं बोलल्यावर मिळणारी समज असते. विचारणाऱ्याला ती मदतच वाटते, आणि तेही काही वावगं नाही.

पण ही विचारणा कमांडच्या कानावर पडण्याआधी कारकुनाच्या टेबलावरून जाते. आणि कारकुनाच्या लेखी '-?' म्हणजे 'डॅशनं सुरू होणारी, पुढे कुठलंही एक अक्षर असलेली फाईल'. तो आधी दप्तरात तशी फाईल शोधतो. बहुतेक वेळा नसते, मग बोर्नच्या नियमानं खूण तशीच पुढे जाते आणि मदत मिळते. म्हणजे वर्षानुवर्षं ज्यांना मदत मिळाली ती तशी फाईल तिथे नव्हती म्हणून मिळाली.

आणि असली तर?

इथे शाळेतलं उदाहरण देतो. कवायतीच्या तासाला मुलं रांगेत उभी आहेत. पीटीचे सर हजेरीपट हातात घेऊन एकेक नाव पुकारताहेत. आमच्या भागात जन्मवारावरून नावं ठेवायची पद्धत, तेव्हा सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावं येतात. मग येतो विश्राम. विश्राम हे अस्सल मराठी नाव आहे, आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात कुणीतरी विश्राम असेल. पण कवायतीच्या मैदानावर, सरांच्या त्या खणखणीत आवाजात 'विश्राम!' ऐकल्यावर अख्खी रांग पाय फाकवून हात मागे घेणार. सरांनी हजेरी घेतली, मुलांनी हुकूम पाळला. आवाज तोच, जागा तीच, मग नाव आणि हुकूम वेगळे ओळखायचे कसे?

युनिक्समध्ये 'डॅश' हा तो खणखणीत आवाज आहे. फाईलचं नाव डॅशनं सुरू होऊ नये असा नियम कुणी केला नाही. तिथे नावात फक्त तिरपी रेघ आणि शून्य हे अंतर्गत चिन्ह चालत नाही, बाकी सगळ्याला मुभा. तेव्हा डॅशनंतर एफ एवढंच नाव असलेली फाईल ही पूर्ण कायदेशीर फाईल. ती जन्माला येणंही अवघड नाही. निकाल फाईलमध्ये ठेवण्यासाठी '>' ही खूण देतात, त्या खुणेपुढे फाईलचं नाव लिहायचं राहून ऑप्शन लिहिला गेला की त्याच नावाची फाईल तयार. किंवा कुणी पाठवलेलं गाठोडं सोडलं आणि त्यातून निघाली.

आता परिणाम बघा. पोस्टग्रेसमध्ये 'व्हॅक्यूमडीबी' नावाची झाडलोट करणारी कमांड आहे. तिला '-?' दिलं की मदत छापते. '-ए' दिलं की सगळे डेटाबेस झाडते. '-एफ' दिलं की कसून झाडते, आणि त्या वेळी एकेका तक्त्याला असं कुलूप लागतं की काम संपेपर्यंत त्यातलं कुणाला वाचताही येत नाही. ज्याच्याकडे सगळे अधिकार आहेत अशा माणसानं, '-ए' आणि '-एफ' नावाच्या दोन रिकाम्या फाईली पडलेल्या फोल्डरमध्ये उभं राहून फक्त मदत मागितली, तर कमांडच्या कानावर पडेल ते 'सगळे डेटाबेस, कसून'. टंकणाऱ्यानं प्रश्न विचारला होता. त्याच्या पडद्यावर अजूनही प्रश्नचिन्हच दिसत असेल.

झेडशेलवर तशी फाईल नसेल तर 'काही जुळलं नाही' म्हणून काम थांबतं. मदत मिळत नाही, पण नुकसानही नाही. फाईल असली तर मात्र तोही ती भरतोच. बॅशमध्ये आणखी एक सोय आहे : काही जुळलं नाही तर ती खूण पुसूनच टाकायची. ही सोय कुणी चालू ठेवली असेल तर '-?' गायब होतं आणि कमांड बिनऑप्शनची, नुसतीच चालते. ज्या कमांडा नुसत्या नावानं काम उरकतात, त्यांच्या बाबतीत हा प्रकार काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मग '-एच' का नको, असं कुणीही म्हणेल. हेल्पमधला एच. पण प्रत्येक कमांडनं तो एच आपापल्या परीनं वापरलाय. डिस्कची जागा सांगणाऱ्या 'डीएफ'मध्ये तो आकडे माणसाला समजतील असे दाखवण्यासाठी आहे. आणि 'शटडाउन'मध्ये एच म्हणजे यंत्र बंद करणं! आजच्या पुष्कळ लिनक्सांवर तिथे वेळ दिली नाही तर एक मिनिटानं, असं धरलं जातं.

या सगळ्याच्या समोर ठेवून बघायचं ते डॉस. ज्यांनी नव्वदच्या दशकात शाळेत किंवा कचेरीत संगणक पहिल्यांदा पाहिला त्यांनी डॉसच पाहिलं असणार. १९९१ च्या डॉस ५ पासून कुठल्याही कमांडपुढे '/?' लिहिलं की मदत मिळायची, आणि ती बिनधोक होती. एक तर डॉसचा शेल खुणा भरत नसे, ओळ जशीच्या तशी कमांडला द्यायचा, मल्टिक्सच्या जुन्या रीतीसारखी. दुसरं असं की डॉसच्या फाईलनावात तिरपी रेघ चालत नव्हती आणि प्रश्नचिन्हही नाही. ज्या चिन्हानं हुकूम सुरू होतो ते चिन्ह नावात येऊच शकत नाही. म्हणजे त्या शाळेत विश्राम नावाच्या मुलाला प्रवेशच नाही. आणखी एक गंमत : डॉसमध्ये 'सगळं पूस' म्हटलं की ती कमांड विचारायची, सगळ्या फाईली जातील, नक्की ना? तिला विचारता येई, कारण तिला चांदणी दिसायची. युनिक्सच्या 'आरएम'ला हे कसं विचारता येणार? तिच्या हाती नुसती नावांची यादी. म्हणून झेडशेलमध्ये हा प्रश्न आरएम विचारत नाही, शेल विचारतो.

तरी डॉसवाले शहाणे आणि युनिक्सवाले खुळे असं मी म्हणणार नाही. डॉसमध्ये प्रत्येक प्रोग्राम खुणांचा अर्थ आपापल्या मर्जीनं लावायचा, आणि काहींना खुणा कळतच नसत. युनिक्समध्ये एका कारकुनानं एकदा काम शिकलं की आज लिहिलेल्या कमांडलाही ते फुकट मिळतं. ८ किलोबाइटात घर चालवणाऱ्यांनी घेतलेला तो निर्णय माझ्या मते उत्तम होता. खटकतं ते नावांच्या बाबतीतलं औदार्य.

१९९४ मध्ये 'युनिक्स हेटर्स हँडबुक' नावाचं एक खट्याळ पुस्तक निघालं, त्यात डॅशनं सुरू होणाऱ्या फाईलनावांवर यथेच्छ टीका आहे. लोक हसले आणि विसरले. जून २०१४ मध्ये लिऑन युरानिच या सुरक्षातज्ज्ञानं दाखवून दिलं की हा नुसता अपघाताचा मामला नाही, मुद्दाम लावलेला सापळाही होऊ शकतो. गाठोडी बांधणारी 'टार' ही कमांड घ्या. तिला एक लांब ऑप्शन आहे, 'ठरावीक अंतरानं अमुक प्रोग्राम चालव' अशा अर्थाचा. जिथे कुणालाही फाईली ठेवता येतात अशा फोल्डरमध्ये एखाद्यानं नेमक्या त्या ऑप्शनच्या नावाची फाईल ठेवली, आणि रात्री प्रशासकाच्या अधिकारानं 'टार ... *' आपोआप चाललं, की ते नाव हुकूम होतं आणि परक्याचा प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकारात चालतो. 

मी मराठीचा, त्यामुळे हे वाचताना पाणिनी आठवल्याशिवाय राहत नाही. वाइल्डकार्डाची युक्ती त्यानं अडीच हजार वर्षांपूर्वी, हातात यंत्र नसताना वापरली आहे. चौदा माहेश्वर सूत्रांत वर्ण मांडले, प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचा वर्ण ठेवला, आणि मग 'अच्' म्हटलं की सगळे स्वर, 'हल्' म्हटलं की सगळी व्यंजनं. पण त्यातही एक खाच आहे. ण् ही खूण दोनदा येते, पहिल्या सूत्राच्या शेवटी आणि सहाव्याच्या शेवटी. मग 'अण्' म्हणजे अ, इ, उ एवढेच, की सगळे स्वर आणि पुढचे ह, य, व, र, ल सुद्धा? एकच खूण, दोन याद्या. पतंजलीनं महाभाष्यात यावर सांगितलंय की संदेह आला म्हणून नियम रद्द होत नाही, अर्थ व्याख्यानावरून ठरवायचा. परंपरेनं ठरवलं की 'अण्' पहिल्या ण् पर्यंतच, फक्त एका सूत्रात दुसऱ्यापर्यंत. पाणिनीच्या पाठीशी व्याख्यान करणारी माणसं होती. शेलच्या हाती फक्त फोल्डर असतं.

'कुठलंही एक अक्षर' याचीही आपल्या लिपीत तऱ्हाच आहे. मोखाडा म्हणजे आपल्या हिशेबानं तीन अक्षरं, जव्हारही तीन. पण तीन प्रश्नचिन्हांना यातलं एकही नाव सापडणार नाही. युनिकोडमध्ये म, ओकार, ख, काना, ड, काना असे सहा घटक मोजले जातात. जव्हारमध्येही ज, व, हलन्त, ह, काना, र असे सहाच. म्हणून दोघांनाही सहा प्रश्नचिन्हं लागतात. आणि संगणकाला युनिकोडची जाण दिलेली नसेल तर एकेका घटकाचे तीन बाइट धरून अठरा! मराठीत फाईलनावं ठेवणाऱ्यांनी हे एकदा करून बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे युनिक्स रुजलं ते ऐंशीच्या दशकात. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संस्था होती (पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली). तिच्यात आणि पवईच्या आयआयटीत १९८६-८७ च्या सुमारास अर्नेट प्रकल्पाखाली टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल सुरू झाली, तीही युनिक्सच्याच साधनांनी. मग नागपूरच्या यशवंत कानेटकरांची पुस्तकं आली आणि शेल म्हणजे काय हे इंजिनिअरिंगच्या कितीतरी पिढ्या त्यातून शिकल्या. आता आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल'मध्ये लिनक्सचे धडे चक्क मराठीतून ऐकता येतात. आमच्या इकडच्या मुलांना हे फार मोलाचं आहे. पुण्यात किंवा ठाण्यात मुलगा अडला तर शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी जाणकार असतो. इथे रात्री एकट्यानं बसून शिकणाऱ्या मुलानं यंत्रालाच विचारायचं. त्याच्या प्रश्नाला प्रश्न म्हणूनच पोचू देणारी रीत त्याला पहिल्या दिवशी सांगायला हवी.

ती अवघड नाही. ग्नू प्रकल्पानं आपल्या सगळ्या कमांडांसाठी दोन डॅश आणि पुढे पूर्ण 'हेल्प' शब्द असा नियम केला. त्यात भरण्याजोगी खूणच नाही, त्यामुळे कारकून हात लावत नाही. किंवा 'मॅन' ही कमांड देऊन पुढे हव्या त्या कमांडचं नाव लिहायचं, म्हणजे पुस्तिका उघडते आणि मूळ कमांड चालतच नाही. '-?' च लिहायचं असेल तर ते एकेरी अवतरणात लिहावं, अवतरणातलं शेल बदलत नाही. आणि चांदणी वापरताना तिच्याआधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी, म्हणजे प्रत्येक नाव टिंबानं सुरू होतं आणि डॅश पहिल्या जागी येत नाही. हजेरीपटात विश्रामच्या आधी 'कुमार' लावण्यासारखंच हे. 'कुमार विश्राम' म्हटल्यावर रांगेतलं कुणी हलत नाही.